घरच्या बागेतली मिरची आणि भाजी: आधी वाफसा बघा, मग झारी उचला

घरची मिरची धरत नाही, पानं गुंडाळतात, फुलं येतात आणि गळून जातात, अशी तक्रार घेऊन कुणी आलं की मी आधी एकच विचारते: पाणी कधी घालता? उत्तर बहुधा "रोज सकाळी" असंच येतं, आणि अर्धं निदान तिथेच होतं. मिरचीला किती पाणी हवं ते घड्याळावर ठरत नाही, कुंडीतल्या मातीवर ठरतं. ढगाळ दिवशी तीच कुंडी दोन-तीन दिवस ओली राहते, कडक उन्हात संध्याकाळीच कोरडी पडते.

म्हणून पाणी घालण्याआधी बोट दोन पेरं मातीत खुपसा. बोटाला चिखल चिकटला तर झारी खाली ठेवा. वरची माती सुकलेली आणि आत हलका ओलावा लागला, तर पाणी घालायची वेळ झाली. जमिनीतल्या वाफ्यात मूठभर माती दाबून बघायची. गोळा झाला आणि अंगठ्याने टोचल्यावर सहज फुटला, तर वाफसा आहे. मिरचीच्या मुळांना हीच अवस्था मानवते, कारण अशा मातीत पाण्याइतकीच हवाही असते. मातीतली प्रत्येक पोकळी पाण्याने भरली की मुळं गुदमरतात, मग कुजतात.

पाणी घालाल तेव्हा मात्र पोटभर घाला. कुंडीच्या तळातून थेंब पडायला लागेपर्यंत घालायचं आणि खालच्या ताटलीत साचलेलं ओतून टाकायचं. रोज वाटीभर पाणी शिंपडण्याची सवय वाईटच. त्यात वरची दोन बोटं माती भिजते, मुळं वरच्या वर राहतात आणि उन्हाच्या पहिल्या झटक्याला झाड मान टाकतं.

मान टाकलेलं झाड बघून लगेच पाणी ओतू नका, तीन गोष्टी तपासा. भर दुपारी झाड मलूल दिसतं आणि ऊन उतरल्यावर आपोआप ताठ होतं, तर ते फक्त उन्हापुरतं असतं, काही करायचं नाही. सकाळी सकाळीच मलूल आहे आणि माती कोरडी आहे, तर तहान आहे. सकाळी मलूल आहे आणि माती ओली आहे, तर मुळं कुजायला लागली आहेत किंवा मर रोग (झाड सुकवून मारणारा मातीतला रोग) आहे. अशा झाडाला आणखी पाणी देणं म्हणजे त्याला संपवणं. कुंडी सावलीत सरकवा, माती हलकेच मोकळी करा, चार दिवस पाणी बंद ठेवा. मूळकूज नुकतीच सुरू झालेली असेल तर झाड सावरतं. मर रोग असेल तर सावरत नाही, ते मातीसकट काढून टाकावं लागतं.

जागा, कुंडी, माती

फळं देणाऱ्या भाज्यांना रोज किमान सहा तास थेट ऊन हवं. मिरची, टोमॅटो, वांगं, भेंडी, काकडी, कुणालाही यात सवलत नाही. पालक, कोथिंबीर, लेट्यूस यांना तीन-चार तास पुरतात, म्हणून कमी उन्हाचा कोपरा पालेभाज्यांना द्यावा. जागा ठरवण्याआधी एक दिवस सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी तिथे जाऊन सावली कुठवर येते ते बघा. घरातल्या घरात बसून केलेला उन्हाचा अंदाज नेहमी जास्तच असतो.

एका मिरचीला 10 ते 12 इंच तोंडाची आणि तेवढीच खोल कुंडी पुरते. टोमॅटो आणि वांग्याला 14 इंच तरी हवी. पालेभाजीला खोलीपेक्षा पसारा महत्त्वाचा, सहा इंच खोल ट्रेसुद्धा चालतो. तळाला भोकं हवीतच. भोकावर जाळीचा तुकडा ठेवा म्हणजे माती वाहून जाणार नाही, पण निचऱ्यासाठी खडीचा थर घालू नका. बारीक मातीतलं पाणी खालच्या जाड खडीत सहज उतरत नाही. ते थराच्या वरच अडतं आणि मुळांना मिळणारी कोरडी जागा उलट कमी होते.

मिश्रण मी असं करते: दोन भाग चांगली माती, एक भाग पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट, एक भाग कोकोपीट. माती चिकट असेल तर कोकोपीट निम्मं करून त्या जागी जाड वाळू घालते. कुंडीमागे मूठभर निंबोळी पेंडही मिसळते. खत कुजलं आहे की नाही हे नाकाला कळतं. चांगल्या खताला पावसानंतरच्या मातीचा वास येतो, हाताला ते थंड आणि भुसभुशीत लागतं. शेणाचा वास येत असेल किंवा हात घातल्यावर ऊब लागत असेल तर ते अजून कच्चं आहे. कच्च्या खताने मुळं भाजतात आणि त्यातून हुमणीही (मुळं कुरतडणारी पांढरी अळी) येते.

बी ते रोप

मिरचीचं बी उगवायला ऊब लागते. माती 25 ते 30 अंश सेल्सिअस असेल तर साधी मिरची आठ-दहा दिवसांत, फार तर दोन आठवड्यांत वर येते. अतितिखट जातींना तीन-चार आठवडेही लागतात, त्यामुळे त्यांचा ट्रे लवकर रिकामा करू नका. 18 अंशांच्या खाली बी नुसतं पडून राहतं आणि ओल जास्त झाली तर कुजतं. थंडी असेल तर ट्रे घरात उबेला ठेवा. उगवण होईपर्यंत उजेड नसला तरी चालतो.

पण पहिलं रोप मान वर काढताच ट्रे भरपूर उजेडात न्या, दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका. उजेड कमी पडला की रोपं दोऱ्यासारखी लांब आणि पांढुरकी होतात. ती पुढे लावली तरी खोडात बळ येत नाही.

बी अर्धा सेंटिमीटर खोल पेरायचं, दोन बियांत दोन बोटांचं अंतर ठेवायचं. दाट पेरलेल्या ट्रेमध्ये रोपं कोलमडण्याचा रोग हमखास येतो. खोड मातीच्या पातळीवर पाणचट होतं, बारीक पडतं आणि कालपर्यंत चांगलं दिसणारं रोप आडवं होतं. ही बुरशी मातीतच असते. आडवं झालेलं रोप वाचत नाही, बाकीची मात्र वाचवता येतात. पाणी वरून घालायचं थांबवा, ट्रे उथळ पाण्यात दहा मिनिटं ठेवून खालून भिजवा, वरची माती सुकू द्या आणि वारा खेळता ठेवा.

उगवताना दिसणाऱ्या दोन बीदलांनंतर खऱ्या पानांची पहिली जोडी आली की रोप लहान पिशवीत हलवा. उचलताना पानाला धरा, खोडाला नाही. पान फाटलं तर दुसरं येतं, चिमटलेलं खोड मात्र भरून येत नाही. मी यासाठी जुना जेवणाचा काटा वापरते. तो रोपाच्या बाजूने तिरका घालून मातीसकट उचलला की मुळांना कळतही नाही.

रोप 10 ते 15 सेंटिमीटर उंच आणि सहा-आठ पानांचं झालं की कायमच्या जागी लावायचं. त्याआधी आठवडाभर त्याला उन्हाची सवय लावा: पहिल्या दिवशी सकाळचा तासभर, मग रोज थोडं थोडं जास्त. हे टाळलं तर पानांवर पांढरे करपलेले डाग पडतात. लागवड संध्याकाळी करा. मिरची पिशवीत जितकी खोल होती तितकीच खोल लावायची. टोमॅटो मात्र पहिल्या पानांपर्यंत पुरला तरी चालतो, त्याच्या पुरलेल्या खोडाला मुळं फुटतात. वाफ्यात दोन मिरच्यांमध्ये 45 सेंटिमीटर आणि दोन ओळींमध्ये 60 सेंटिमीटर जागा सोडा. आधाराची काठी त्याच दिवशी रोवून टाका, नंतर रोवताना मुळं तुटतात. उरलेल्या उघड्या मातीवर वाळलेला पाला किंवा भुसा पसरा. खोडाभोवती तेवढं दोन बोटं मोकळं ठेवा.

मिरची वाढता वाढता एका जागी दोन फांद्यांत फाटते आणि त्या बेचक्यात पहिलं फूल येतं. हे फूल खुडायचं. जीव तुटतो, पण खुडा. लहान झाडावर धरलेली ती एक मिरची पुढच्या फांद्यांचं बळ खाते. शेंडा खुडावा का, यावर लोक बरंच बोलतात. माझं मत असं की वाढीचा काळ मोठा असेल तर आठ-दहा पानांवर शेंडा खुडून झाड डेरेदार करावं. हंगाम आखूड असेल तर शेंड्याला हात लावू नये, कारण खुडल्यावर फळ धरायला उशीर होतो.

खत: झाड काय मागतं ते पानावर लिहिलेलं असतं

उंच, गर्द हिरवं, मोठ्या लुसलुशीत पानांचं झाड बघून लोक खूश होतात आणि मग विचारतात की फुलं का नाहीत. हे नत्र (नायट्रोजन) जास्त झाल्याचं लक्षण आहे. माझ्या जाऊबाईंच्या कुंडीत असं एक झाड होतं, कमरेच्या वर गेलेलं आणि फुलाचा पत्ता नाही. त्यांनी खत पूर्ण थांबवलं, पाणी वाफशावर आणलं. महिनाभरात ते झाड कळ्यांनी भरलं.

एरवी दर तीन-चार आठवड्यांनी कुंडीमागे एक-दोन मुठी कंपोस्ट किंवा गांडूळखत वरून द्या, माती हलकी उकरून झाका आणि पाणी द्या. फुलं लागल्यावर पालाश (पोटॅश) हवं. लाकडाची राख त्यासाठी चालते, पण चमचाभरच आणि क्वचित, कारण राखेने माती विम्लधर्मी (अल्कलाइन) होते आणि मिरचीला किंचित आम्लधर्मी ते उदासीन माती आवडते.

पान पिवळं पडलं की थेट खत घालू नका, कुठलं पान आणि कसं पिवळं ते बघा. खालची जुनी पानं सगळीच्या सगळी फिकट पिवळी होत असतील तर नत्र कमी आहे. जुन्या पानांच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा, तर मॅग्नेशियम कमी आहे. एक लिटर पाण्यात चमचाभर मॅग्नेशियम सल्फेट विरघळवून फवारा. हेच चित्र अगदी कोवळ्या पानांवर दिसलं तर लोह मिळत नाहीये, आणि बऱ्याचदा लोह मातीत असतं, पण माती विम्लधर्मी किंवा सतत चिंब असल्यामुळे मुळांना ते उचलता येत नाही. अशा वेळी नवं काही घालण्याआधी निचरा सुधारा.

बोकड्या: पान कुठल्या बाजूला वळलंय?

मिरचीवर सगळ्यात जास्त झाडं हकनाक उपटली जातात ती बोकड्यापायी, म्हणजे पानांच्या चुरडामुरडीमुळे. सगळी गुंडाळलेली पानं एकाच रोगाची नसतात. एक पान तोडून तळहातावर ठेवा आणि नीट बघा.

कडा वरच्या बाजूला वळून पान होडीसारखं झालं असेल तर फुलकिडे आहेत. पान उलटं करा, खाली चंदेरी किंवा तपकिरी ओरखडे दिसतील. खात्री करायला पांढऱ्या कागदावर एक फूल आपटा. काडीच्या टोकाएवढे पिवळसर किडे पळताना दिसतात.

कडा खाली वळल्या असतील, पान अरुंद आणि त्याचा देठ लांबट वाटत असेल, शेंड्याची कोवळी पानं जाड, ठिसूळ झाली असतील, तर तो कोळी. हा नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, भिंगातून शेंड्याच्या पानामागे पारदर्शक ठिपके हलताना दिसतात. कोळी हा कीटक नाही, अष्टपाद आहे, म्हणून कितीतरी साध्या कीटकनाशकांचा त्याच्यावर परिणाम होत नाही.

तिसरा प्रकार विषाणूचा. पानं बारीक, एका जागी गुच्छ झाल्यासारखी, शिरा जाड, झाड खुजं आणि पिवळट. हा पांढऱ्या माशीमुळे पसरतो आणि याला औषध नाही. एवढंच झाड उपटायचं, पिशवीत बांधून बाहेर टाकायचं. कंपोस्टच्या ढिगावर टाकू नका.

फुलकिडे आणि मावा (झाडाचा रस शोषणारे बारीक किडे) यांच्यासाठी मी आधी नुसतं पाणी वापरते. सकाळी पानांच्या खालच्या बाजूने जोरात फवारा, दोन-तीन दिवस लागोपाठ. तेवढ्याने भागलं नाही तर एक लिटर पाण्यात 5 मिली कडुनिंबाचं तेल आणि 1 मिली पातळ साबण, चांगलं घुसळून, संध्याकाळी, पानांच्या मागच्या बाजूला. दर आठवड्याला एकदा, असं तीनदा. एकाच फवारणीत अंडी मरत नाहीत, म्हणून तीनदा. आधी एका फांदीवर मारून दुसऱ्या दिवशी बघा आणि मगच सगळ्या झाडावर. संध्याकाळी मारण्याचं कारण दोन: उन्हात तेलाने पान भाजतं आणि दिवसा फुलांवर मधमाश्या असतात.

कोळ्यावर पाण्यात मिसळणारं गंधक लागू पडतं, लिटरला 2 ग्रॅम. दोन गोष्टी मात्र पाळाच: तेलाच्या फवारणीनंतर दोन आठवडे गंधक मारायचं नाही, आणि तापमान 32 अंशांच्या वर असताना मारायचं नाही. दोन्हींत पानं करपतात.

पिवळे चिकट सापळे पांढरी माशी आणि माव्यासाठी, निळे फुलकिड्यांसाठी. खोडावर मुंग्यांची रांग दिसली तर वर मावा शोधा. माव्याच्या गोड चिकट स्रावासाठी मुंग्या त्याची राखण करतात आणि त्याला खाणाऱ्या ढालकिड्यांना हुसकावतात. ढालकिडे दिसले तर फवारणी थांबवा, त्यांना काम करू द्या.

एक सूचना: तंबाखू हाताळलेल्या हाताने मिरची-टोमॅटोला हात लावू नका. तंबाखूवरचा मोझॅक विषाणू हातावरून या झाडांवर जातो. साबणाने हात धुऊनच बागेत शिरायचं.

फूलगळ

फुलं गळतात म्हटलं की आधी हवा बघा. दिवसा 32-35 अंशांच्या वर किंवा रात्री 24 च्या वर तापमान गेलं की परागकण निकामी होतात आणि फूल देठासकट पडतं. रात्री फार थंड असल्या तरी तेच. यावर खताचा उपाय नाही. दुपारपुरती हिरवी जाळी बांधा, मातीवर आच्छादन वाढवा आणि थांबा. हवा बदलली की तेच झाड धरायला लागतं. हवा ठीक असूनही गळत असेल तर पाणी आणि नत्र यांचा हिशोब पुन्हा बघा. बंद गच्चीत वारा आणि मधमाश्या नसतील तर सकाळी फांद्यांना हलकी टिचकी मारा. मिरचीच्या एकाच फुलात नर आणि मादी दोन्ही भाग असतात, तेवढ्यानेही काम होतं.

बाकीच्या भाज्यांबद्दल थोडं

भेंडी, काकडी, घेवडा, मुळा, गाजर यांची रोपं करून हलवू नका, बी थेट जागेवर टोका. भेंडीचं बी रात्रभर भिजवलं तर बरं उगवतं. मिरची, टोमॅटो, वांगं आणि कोबीवर्गीय भाज्या रोपं करून लावाव्यात. दुधी, भोपळा यांवर नर आणि मादी फुलं वेगळी असतात. मादी फुलामागे इवलंसं फळ असतं. ते पिवळं पडून गळत असेल तर परागीभवन होत नाहीये. ताजं नर फूल तोडा, पाकळ्या मागे करा आणि मादी फुलाच्या मध्यावर फिरवा. भोपळ्याला हे सकाळी लवकर करायचं, दुधीला संध्याकाळी, कारण दुधीचं फूल तेव्हा उमलतं.

टोमॅटोचं बूड काळं पडलं की लोक चुना शोधतात. फळाला कॅल्शियम पोचत नाही हे खरं, पण मातीत ते बहुधा असतंच. पाणी कधी चिंब, कधी सुकं असं झालं की ते फळापर्यंत जात नाही. ओलावा एकसारखा ठेवा, पुढची फळं चांगली येतात. मिरचीवरही असे डाग याच कारणाने पडतात.

मिरची, टोमॅटो, वांगं, बटाटा ही एकाच कुळातली. एकाच मातीत पाठोपाठ ती लावली तर मर रोग आणि सूत्रकृमी (मुळांवर जगणारे सूक्ष्म किडे) वाढत जातात. त्या जागी मधे शेंगवर्गीय किंवा पालेभाजी घ्या, शक्य तर दोन-तीन वर्षांनी मूळ कुळाकडे या.

तोडणी आणि बी

लागवडीपासून दोन-अडीच महिन्यांत हिरवी मिरची तोडता येते, लाल व्हायला आणखी तीन-चार आठवडे. कात्रीने देठासकट कापा. ओढलं तर ठिसूळ फांदी येते हातात. हिरव्या तोडत राहिलात तर झाड नवीन फुलं काढत राहतं. लाल हव्या असतील तर एक-दोन झाडं त्यासाठीच राखून ठेवा.

तिखटपणा बियांत असतो असं सगळे म्हणतात. तो असतो बिया धरून ठेवणाऱ्या पांढऱ्या पडद्यात, बियांना तो चिकटतो एवढंच. तिखट कमी हवं तर पडदा काढा. अतितिखट जाती हाताळताना हातमोजे घाला. हात भगभगले तर आधी तेल चोळा आणि मग साबणाने धुवा, कारण हा तिखट पदार्थ पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतो. पक्ष्यांना हा तिखटपणा जाणवतच नाही, त्यामुळे पिकलेल्या मिरच्यांवर डोळा ठेवा.

पुढच्या वर्षीचं बी धरायचं तर ते संकरित झाडाचं नको, त्याची पिलावळ आईसारखी निघत नाही. सरळ वाणाचं निरोगी झाड निवडा. शेजारी दुसरी जात असेल तर मधमाश्या मिसळ करतात, म्हणून कळ्या असतानाच एका फांदीवर मलमलची पिशवी बांधा, रोज ती फांदी हलवा आणि फळ धरलं की पिशवी काढून त्या देठाला दोरा बांधा. फळ झाडावरच पूर्ण लाल होऊ द्या, जरा सुरकुतू द्या. बी काढून सावलीत, कागदावर पसरून वाळवा. वाकवल्यावर न लवता तुटलं की वाळलं. कागदी पाकिटात घालून घट्ट झाकणाच्या बरणीत, थंड कोरड्या जागी ठेवा. पाकिटावर जात आणि वर्ष लिहा. मिरचीचं बी दोन-तीन वर्षं चांगलं टिकतं. त्यापेक्षा जुनं असेल तर आधी दहा बिया ओल्या कापडात गुंडाळून उबेत ठेवा. निम्म्याच उगवल्या तर पेरताना एका जागी दोन-दोन टाका.